हळव्या तोंडाची घोडी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, तुळशीचं लग्न लागलं की आपल्या जालना जिल्ह्यात लग्नसराई सुरू होते आणि तिच्याबरोबर घोडीवाल्यांची धावपळही. भोकरदन घ्या, जाफराबाद घ्या, घनसावंगी घ्या, परण्या मारुतीच्या देवळाकडं निघाला की पुढं वाजंत्री आणि मागं झुलीनं सजवलेली घोडी, हे दृश्य सगळीकडं सारखंच. याच दिवसांत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘डॉक्टरसाहेब, मही घोडी तोंडाला लई कडक झाली. ओढून धरली तरी ऐकत नाही. जरा कडक लगाम कुठं मिळंल?’ मी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण हा प्रश्न काही निवृत्त होत नाही. मीही मग ठरलेला उलटा प्रश्न करतो. ‘तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं का?’

बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. घोड्याच्या बाजारात दात पाहतात ते वय ओळखायला. ओठ वर करायचा, पुढचे दात बघायचे, ‘सहा वर्षांची आहे’ म्हणायचं आणि ओठ सोडून द्यायचा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा तिकडं नंदुरबारकडं सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. लगाम जिथं बसतो ती जागा पुढच्या दातांच्या मागं असते. तिथपर्यंत कुणाचं बोट जातच नाही. फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. पण इथं लाखभर रुपये मोजून घेतलेल्या जनावराचेही दात कुणी नीट मोजत नाही.

आता ही जागा जरा समजून घेऊ. घोडीला साधारण ३६ दात असतात. पुढचे १२ आणि मागच्या दाढा २४. नर घोड्याला चार सुळे जास्त, म्हणजे ४०. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्यावर बोटभर लांबीची एक मोकळी जागा असते. निसर्गानं ती काही आपल्या लगामासाठी ठेवलेली नाही, पण माणसानं ती हेरली आणि तिथं लोखंड बसवलं. जुन्या मराठीत या लोखंडाला कडियाळं म्हणत, आता आपण नुसतं लगामाची कडी म्हणतो. तर या मोकळ्या जागेत हाडावर मांस असं नाहीच. पातळ कातडी आणि खाली लगेच जबड्याच्या हाडाची धार. आपल्या नडगीवर हात फिरवून पाहा, तसंच. अंधारात नडगीला खाटेची कड लागली म्हणजे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हाताच्या एका हिसक्यानं घोड्याच्या तोंडात तेच होतं, आणि वरातीत असे हिसके किती बसतात ते मोजायला कुणाला सवड नसते.

या हाडांच्या मधोमध जीभ. ती मऊ आणि चांगली जाडजूड असते, त्यामुळं कडीचा बराचसा भार तिच्यावरच येतो. वर टाळू, तीही फार उंच नसते. म्हणजे कडीला तोंडात मोकळी जागा अशी जवळजवळ नाहीच. त्यात आणखी एक भानगड. बऱ्याच घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढं एक छोटा, बिनकामाचा दात येतो. वाटाण्याएवढा, कधी त्याहूनही बारीक. इंग्रजीत त्याला लांडग्याचा दात म्हणतात. कडी मागं ओढली गेली की ती कधी कधी थेट त्याच्यावर आपटते. घोडा मान झटकतो, आणि मालक म्हणतो, घोड्याला मस्ती आली.

वयाचंही एक गणित आहे. घोड्याचे दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांला टप्प्याटप्प्यानं पडतात, आणि पुढच्या दाढाही अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान बदलतात. आपण शिंगराला लगाम शिकवतो तो नेमका याच वयात. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे, आणि त्यात वर लोखंड. या काळात जे शिंगरू लगामाला भ्यालं, ते पुढं जन्मभर तोंडाचं हळवं राहण्याची शक्यता असते. अशा शिंगराला काही आठवडे नुसत्या मोहरकीवर ठेवलं तर काही बिघडत नाही. धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाडं वाहून नेणारी भीमथडी तट्टं आपल्या भागातून जातात. पायानं चिवट, ओझ्याला पक्की. त्यांतली कितीतरी तट्टं साध्या दोरीवर चालताना मी पाहिली आहेत. या भीमथडी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद अलीकडच्या काळात झाली, हे जाता जाता सांगतो.

भोकरदन तालुक्यातल्या एका घोडीवाल्याची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. त्यानं उसनवारी करून एक पांढरी घोडी आणली होती. दिसायला देखणी, चालीला सुरेख. पहिल्या सराईत चार पैसे मिळाले. दुसऱ्या सराईत घोडी मान वर फेकायला लागली. एका परण्यात तिच्या मानेचा फटका नवरदेवाच्या नाकावर बसला. दुसऱ्या गावी तर ती मागच्या दोन पायांवर उभीच राहिली, आणि त्या वेळी नवरदेवाच्या पुढं पाच-सहा वर्षांचं एक पोर बसवलेलं होतं. गर्दीतल्या एकानं पोराला वरच्यावर झेललं म्हणून निभावलं. घोडीवाला दुसऱ्याच दिवशी बाजारातून काटेरी लगाम घेऊन माझ्याकडं आला. ‘साहेब, उद्या पोरगं पडून मेलं तर मला गावात कोण जगू देईल?’ असं त्याचं म्हणणं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भीती खरीच होती, आणि अंगावर कर्जही होतं.

मी घोडीचं तोंड उघडलं. तोंड उघडं ठेवायला एक लोखंडी चौकट असते, ती लावली आणि विजेरीच्या उजेडात पाहिलं. घोड्याच्या दाढा जन्मभर थोड्या थोड्या वर सरकत असतात आणि चावून चावून झिजत असतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, म्हणून वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा झिजत नाहीत, त्यांना धार येते. या घोडीच्या गालाच्या आतल्या बाजूला त्या धारेनं ओरखडे पडले होते. लगामाच्या गालपट्ट्या ताणल्या की गाल दाढांवर दाबला जायचा आणि कापायचा. डावीकडं वर तो वाटाण्याएवढा दात होता. आणि खाली डाव्या हाडावर, जिथं कडी टेकते तिथं, चवलीएवढी जखम. कडा पांढरट, मध्ये लाल. दोन महिन्यांपासून ती घोडी याच जखमेवर वराती काढत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

या घोडीची सगळी लक्षणं मालकाला दिसत होती, फक्त त्यांचा अर्थ त्यानं वेगळा लावला होता. मान फेकते, एका बाजूला वाकडी धरते, जीभ कडीवरून काढते किंवा बाहेर लोंबू देते, लगाम चढवताना तोंड वर नेते, फेसात तांबूस रेघ दिसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चारा अर्धवट चावून त्याच्या ओल्या गोळ्या गव्हाणीत टाकते. शेवटचं लक्षण घरातल्या बायकांना आधी कळतं, कारण गव्हाण झाडतात त्या. या घोडीवाल्याच्या घरी त्याच्या आईनं ते महिनाभर आधी सांगितलं होतं. कुणी कान दिला नाही.

पुढं काय केलं? भुलीचं इंजेक्शन देऊन तो छोटा दात काढला, दाढांच्या धारा कानसीनं घासून घेतल्या, आणि पंधरा दिवस तोंडात लोखंड घालायचं नाही असं बजावलं. मिठाच्या कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, मऊ भिजवलेलं खाद्य द्यायचं. पंधरा दिवस म्हणजे ऐन सराईतल्या चार सुपाऱ्या. इसार परत करायची वेळ आली. दोन ठिकाणी त्यानं दुसऱ्याची घोडी भाड्यानं नेऊन वेळ मारून नेली, दोन ठिकाणी लोकांचे बोल ऐकले. हे नुकसान मी हलकं मानत नाही. जनावराची काळजी घ्या असं सांगणं सोपं असतं. सराईत पंधरा दिवस घोडी दावणीला बांधून ठेवणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटते, तेही सांगणाऱ्यानं पाहिलं पाहिजे.

जखम भरली आणि मग नवीन लगामाचा विचार सुरू झाला. आधी तोंड, मग लोखंड. हा क्रम उलटा झाला की वरातीमागून घोडं.

कड्यांचे प्रकार पुष्कळ आहेत, पण मूळ भाग दोनच. एका प्रकारात दोर थेट कडीच्या बाजूच्या कड्यांना बांधलेला असतो. हातात जेवढी ओढ, तेवढीच तोंडात. याला स्नॅफल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात कडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असतात, दोर दांडीच्या खालच्या टोकाला आणि हनुवटीखाली साखळी. ही सरळ सरळ पहार आहे. कडीपासून वर दोन इंच आणि खाली चार इंच दांडी असेल तर हातातली एक किलोची ओढ कडीवर साधारण तिपटीनं पोचते, आणि जबडा कडी व साखळी यांच्या चिमट्यात सापडतो. ही पहार निघाली ती लढाईच्या गरजेतून. सवाराच्या एका हातात तलवार किंवा भाला, म्हणून घोडा दुसऱ्या एकाच हातानं वळला पाहिजे, थांबला पाहिजे. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्ली यांची लढाई झाली, तेव्हा वेलस्लीच्या एका घोड्याला गोळी लागली आणि दुसऱ्याला, डायोमेड नावाच्या अरबी घोड्याला, भाला. पुढं जालन्यात निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तिथल्या रिसाल्यात शिलेदारी पद्धत चाले, म्हणजे घोडा सवाराच्या मालकीचा. पण श्रोतेहो, आपल्या नवरदेवाच्या हातात जी तलवार किंवा कट्यार असते ती काही चालवायची नसते, आणि घोडी तर तिसराच माणूस खाली चालत धरतो. त्याला पहारीची गरज काय?

काटेरी लगामाबद्दल मी चर्चाच करत नाही. जनावरांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. त्यातल्या आठव्या नियमानं काटे, गाठी, टोकं असलेला लगाम किंवा साज वापरायला मनाई केली आहे, आणि त्यात स्वारीचं जनावरही आलं. तरी तो बाजारात राजरोस मिळतो. कायदा बाजूला ठेवा, पण दुखलं म्हणून घोडा थांबतोच असं नाही. घोडा मूळचा पळणारा प्राणी. दुखण्यापासून तो पळतो, आणि पळायला जागा नसेल तर उभा राहतो. त्या पोरासकट घोडी उभी राहिली ती याचमुळं. ग्रीक लेखक झेनोफन यानं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. माणसानं एक गुळगुळीत आणि एक खडबडीत असे दोन लगाम जवळ ठेवावेत, म्हणजे खडबडीत घालून मग गुळगुळीत घातला की घोड्याला बरं वाटेल, असा त्याचा सल्ला. मोठा जाणता माणूस, पण त्याचं हे गणित मला कधी पटलं नाही.

तर घोडीसाठी साधी, थेट ओढीची कडी निवडली. तिची रुंदी कशी ठरवायची? एक सुतळी घ्या. तिला एक गाठ मारा, गाठ ओठाच्या एका कोपऱ्याशी धरा, सुतळी तोंडातून दुसऱ्या कोपऱ्याशी आणा आणि तिथं दुसरी गाठ मारा. दोन गाठींमधलं अंतर, अधिक दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या इंचाच्या आत. मी मोजलेल्या आपल्याकडच्या घोड्यांत हे माप बहुधा साडेचार ते पाच इंचांत बसतं. या घोडीला पावणेपाच लागलं. मालक वापरत होता साडेपाचाची. मोठी कडी तोंडात इकडून तिकडं सरकते आणि जिथं टेकू नये तिथं टेकते. लहान कडी ओठ चिमटते.

जाडीबद्दल एक समज आहे की जेवढी जाड तेवढी सौम्य. दाब पसरतो हे खरं. पण लहान तोंडात, जाड जिभेवर, अंगठ्याएवढी कडी म्हणजे आपल्या तोंडात लाकडाचा तुकडा धरून बसायचं. घोडी तोंड मिटूच शकत नाही. साधारण करंगळीएवढी जाडी पुष्कळांना मानवते. काही जण अगदी बारीक, वळ्यांची, पिळाची तार लावतात. ती सुरीच समजा.

मधला सांधा हा तिसरा मुद्दा. एकाच सांध्याची कडी ओढली की अडकित्त्यासारखी दुमडते, जीभ चिमटीत धरते आणि टोक टाळूकडं जातं. मधे छोटा गुळगुळीत तुकडा असलेली, दोन सांध्यांची कडी जिभेवर सपाट पडते. हळव्या तोंडाच्या घोड्याला पहिल्यांदा मी तीच लावून पाहतो. काही घोड्यांना मात्र सांधाच नको असतो. त्यांना किंचित बाक असलेली सलग कडी आवडते. हे पुस्तकावरून ठरत नाही. घोड्याला विचारावं लागतं, आणि तो आठवडाभरात उत्तर देतो. तोंड मिटून, ओठ ओलसर ठेवून, कडी हलकेच चघळत चालला तर जमलं.

धातूचं म्हणाल तर स्टेनलेस स्टीलची गुळगुळीत कडी चांगली. कानपूरहून येणारं घोड्याचं सामान यात्रेत मिळतं, पण घेताना कडीवरून कापसाचा बोळा फिरवून पाहा. जिथं कापूस अडकेल तिथं उद्या जीभ अडकणार. मुलामा उडालेली कडी तर पत्र्यासारखी कापते. रबर चढवलेली कडी जखमेनंतर काही दिवस बरी पडते, मात्र घोडी रबर चावून फाडते, ते रोज तपासायचं. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची युक्ती आपल्याकडं आहे. तात्पुरती ठीक, पण खाली घाण साचते. दोन-तीन दिवसांत बदलायची.

बसवताना ओठाच्या कोपऱ्याला एक, फार तर दोन सुरकुत्या पडाव्यात. घोडी हसल्यासारखी दिसायला लागली तर कडी फार वर गेली. नाकपट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. घोडी तोंड उघडते म्हणून नाकपट्टी आवळणारे फार भेटतात. तोंड उघडणं हे तिचं बोलणं आहे, ते बंद करून दुखणं थांबत नाही.

लोखंड कितीही चांगलं आणलं, तरी दुसऱ्या टोकाला हात असतो. आपल्याकडं घोडी नाचवायची पद्धत आहे. मान छातीशी बांधायची, लगामाला हिसके द्यायचे, वर ताशा. दहा मिनिटं नाच आणि तीन तास नाच यात फरक आहे. माझं स्पष्ट मत, हळव्या तोंडाच्या जनावराला नाचाला लावूच नये. आणि डीजे. घोड्याचा कान आपल्यापेक्षा तिखट. भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढं उभी केलेली घोडी उधळते ती तोंडामुळं नाही, आणि कुठलाच लगाम आवाज कमी करत नाही. काही जण विचारतात, मग बिनकडीचा, नुसता नाकावरचा साज का नको? शेतात, रस्त्यावर, शिकवताना जरूर वापरा, मी स्वतः सांगतो. पण हजार माणसांच्या गर्दीत, पाठीवर अनोळखी नवरदेव असताना, पहिल्याच दिवशी तो प्रयोग करा असं मी सांगणार नाही. आधी महिनाभर रिकाम्या रस्त्यावर सवय झाली पाहिजे.

त्या घोडीचं पुढं असं झालं. मान फेकणं थांबलं. लगाम चढवताना ती स्वतःहून तोंड खाली आणायला लागली. डीजेला मात्र आजही भिते, म्हणून मालकानं डीजेच्या सुपाऱ्या घेणं सोडलं. बँड किंवा सनई-चौघडा असेल तरच जातो. कमाई थोडी कमी झाली आहे, ते तो लपवत नाही. पुढं पोर बसवायचं असेल तर तो आधीच नाही म्हणून सांगतो. यावरून दोन-तीन मांडवांत वादही झाले.

आता सराई तोंडावर आहे म्हणून थोडं सांगून थांबतो. वर्षातून एकदा तरी, शक्यतो दिवाळीच्या आसपास, घोड्याच्या दाढा दाखवून घ्या. पंधरा वर्षांच्या पुढचा असेल तर दोनदा. तालुक्याच्या दवाखान्यात तोंड उघडायची चौकट आणि कानस नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा. वैदूकडून हातोडी-छिन्नीनं दाढ तोडून घेऊ नका, मुळाशी पू होतो. वरात संपली की कडी पाण्यानं धुवा; वाळलेली लाळ दुसऱ्या दिवशी काचेसारखी टोचते. पौषातल्या पहाटे ती आधी मुठीत धरून कोमट करा. आणि चैत्र-वैशाखात लगाम उन्हात, गाडीच्या टपावर किंवा पत्र्याच्या छपराला टांगून ठेवू नका. दुपारी बाराला ते लोखंड आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, मगच घोडीच्या तोंडाकडं न्या.